टर्बो गाडी निळा धूर सोडतेय? इंजिन खोलण्याआधी तेल कुठून येतंय ते शोधा

जालना : सायलेन्सरमधून निळसर धूर, गाडीमागे जळक्या तेलाचा वास आणि दर महिन्याला इंजिन ऑईलचा एक डबा. टर्बो असलेली गाडी असं करू लागली की गॅरेजमध्ये साधारण दोनच निदानं ऐकू येतात, ‘टर्बो गेला’ नाहीतर ‘इंजिन कामाला आलं’. दोन्ही कामं हजारोंची. पुष्कळदा टर्बो बदलूनही महिन्याभरात धूर परत येतो, कारण तेल ज्यामुळे येत होतं ते तसंच राहिलेलं असतं. तेल नेमकं कोणत्या वाटेने जळायला जातंय हे आधी शोधलं, तर काही गाड्यांचं काम ब्रीदरची सफाई, एअर फिल्टर आणि एखाद्या पाईपावरच भागतं.

गावोगावी हा प्रश्न जास्त करून सेकंडहँड डिझेल गाड्यांना भेडसावतो. मारुतीने २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आणली. तिच्यातलं १,२४८ सीसीचं इंजिन फियाटच्या मल्टीजेट घराण्यातलं. तेच इंजिन पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा आणि टाटाच्या व्हिस्टा, मांझा, झेस्ट या गाड्यांत बसलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे यातली सगळ्यात नवी गाडीही त्याच सुमाराची, आणि अनेक गाड्या दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या. या इंजिनात ऑईल बसतं तीन लिटरच्या आसपास. एक लिटर जळालं म्हणजे तिसरा हिस्सा गेला. ट्रॅक्टरला लिटरभर ऑईल कमी असलं तरी तो काही दिवस दम धरतो, ही गाडी धरत नाही. अलीकडच्या बोलेरो, स्कॉर्पिओ आणि पिकअपमध्येही टर्बो डिझेलच आहे, त्यांनाही खालची तपासणी लागू पडते.

टर्बोत तेल येतं कसं?

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेल्या दोन चकत्या. इंजिनाचा गरम धूर एका बाजूची चकती फिरवतो, दुसऱ्या बाजूची चकती हवा दाबून इंजिनात भरते. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, लहान टर्बोत तर दीड-दोन लाखांपर्यंत. एवढ्या वेगात तो तरंगतो तो इंजिन ऑईलच्या पातळ थरावर. हे ऑईल पंपाच्या दाबाने वरून येतं आणि काम झालं की जाड पाईपातून स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये पडतं. परतीच्या वाटेला कोणताही पंप नाही.

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. टर्बोत तेल अडवायला रबरी ऑईल सील नसतो. दांड्यावर पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि दोन्ही बाजूंनी हवेचा आणि धुराचा दाब असतो म्हणून तेल आत थांबतं. परतीचा पाईप तुंबला, चेंबरमध्ये दाब वाढला किंवा एअर फिल्टर चोंदून पुढून ओढ बसली, की चांगला टर्बोसुद्धा तेल बाहेर टाकतो. अशा वेळी नवा टर्बो बसवला तर तोही टाकणार.

रंग आणि वेळ, दोन्ही बघा

निळा किंवा निळसर राखाडी धूर आणि जळक्या तेलाचा वास असेल तर ऑईल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: फिल्टर, इंजेक्टर, टर्बोच्या पुढचा फाटलेला हवेचा पाईप. पांढऱ्या धुराला जरा थांबून बघावं लागतं. थंडीत सकाळी सुरुवातीला निघणारी वाफ साधी असते. पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर सुटत नसेल, वास गोडसर असेल आणि कूलंटची टाकी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावं लागेल. तो वेगळा विषय.

रंगापेक्षाही धूर कधी निघतो याला महत्त्व आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना निळा भपका मारते आणि मिनिटभरात साफ होते, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. हेडमधलं तेल रात्रभर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून थेंबथेंब खाली उतरलेलं असतं. पेट्रोल गाडीत आणखी एक खूण मिळते. भोकरदनकडून जळगावला जाताना अजिंठ्याचा घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरायचा आणि खाली आल्यावर रेस द्यायची. त्या क्षणी मागे निळा ढग दिसला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाईड झिजलेत. डिझेलमध्ये ही खूण एवढी स्पष्ट मिळत नाही, कारण तिथे हवेच्या वाटेत तेवढी ओढ तयार होत नाही.

चढावर, भरल्या गाडीत, रेस दिली की सारखा धूर आणि इंजिनाची ताकदही कमी वाटत असेल तर पिस्टन रिंग आणि बोअरकडे बघावं. मोंढ्यात किंवा लग्नाच्या मांडवाबाहेर गाडी दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली, मग हलवताना मोठा लोट निघाला आणि पुढे थांबला, तर टर्बोची शक्यता वाढते. जागेवर चालू असताना टर्बोत दाब कमी असतो, तेल तिथे जमतं आणि रेस मिळताच जळतं. मात्र व्हॉल्व्ह सील गेलेली गाडीसुद्धा हेच करते. म्हणून नुसत्या धुरावरून टर्बो बदलायला हो म्हणू नये.

घरी करता येणारी तपासणी

आधी ऑईलची पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर पट्टी काढावी, पुसावी, परत घालून बघावी. ऑईल वरच्या खुणेच्या वर असेल तर धुराचं कारण कदाचित तेच. ‘कमी झालं असेल’ म्हणून न बघता अर्धा लिटर ओतण्याची सवय फार दिसते. जादा ऑईल क्रँकच्या फटक्याने फेसाळतं, ब्रीदरमधून हवेच्या वाटेत जातं आणि जळतं. जास्तीचं काढून टाकलं की बघावं.

पातळी बरोबर असेल तर वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवावेत. हजार किलोमीटरनंतर किती ऑईल घालावं लागलं ते मोजावं. थोडंफार ऑईल प्रत्येक इंजिन खातं, किती चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. हा आकडा हातात घेऊन गॅरेजला गेलेल्या माणसाला कुणी सहज गुंडाळत नाही. मिस्तरीचंही काम सोपं होतं.

मग ऑईल भरण्याच्या तोंडाचं झाकण. इंजिन गरम, गाडी जागेवर चालू, झाकण सैल करून तसंच वर ठेवायचं. हलकी वाफ आणि थोडी थरथर चालते. पण झाकण नाचत असेल, चुलीसारखा धूर फेकत असेल, तर एक तर ब्रीदर तुंबलाय किंवा जळलेला वायू रिंगा ओलांडून खाली येतोय. काही इंजिनांत या तोंडातून गरम ऑईलचे शिंतोडे उडतात, म्हणून तोंड लांब ठेवावं आणि लहान मुलांना बाजूला करावं.

एअर फिल्टरही याच वेळी काढून बघावा. कापसाच्या आणि मोसंबीच्या हंगामात कच्च्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या खूप आधी भरतो. पंपावर बाहेरून जोरात हवा मारून तो साफ करणं म्हणजे धूळ कागदात आणखी आत ढकलणं. जास्त दाबाने कागदाला बारीक भोकंही पडतात, आणि त्यातून गेलेली माती टर्बोच्या चकतीला आणि पिस्टन रिंगांना खाते. नवा फिल्टर हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त काम आहे.

गॅरेजमध्ये कोणत्या क्रमाने बघावं?

हवेचा पाईप टर्बोच्या आधी आणि टर्बोच्या नंतर, दोन्हीकडे खोलायला सांगावं. ही एक गोष्ट मालकाने स्वतः उभं राहून बघावी. बहुतेक गाड्यांत ब्रीदरची नळी टर्बोच्या आधी जोडलेली असते. त्यामुळे आत तेलाचा पातळ थर असणं सर्वसाधारण आहे, तेवढ्यावरून टर्बो खराब ठरत नाही. टर्बोच्या आधीचा पाईपच तेलाने ओला, तळाशी तेल साचलेलं, तर ते ब्रीदरमधून येतंय. आधीचा पाईप कोरडा आणि नंतरचा तेलाने भरलेला असेल, तरच टर्बोच्या हवेच्या बाजूवर बोट ठेवता येतं. खात्री करायची असेल तर ब्रीदरची नळी काढून थोडा वेळ बाटलीत सोडावी, तिच्या जागेचं भोक बंद करावं, आधी साचलेलं तेल पुसून घ्यावं आणि गाडी चालवून बघावी. धूर थांबला तर दोष त्या वाटेचा.

धुराच्या बाजूलाही हीच रीत. इंजिन आणि टर्बो यांच्यामधला मॅनिफोल्ड आतून कोरडा आणि टर्बोच्या पुढचा सायलेन्सरचा पाईप ओला असेल तर तेल टर्बोतून आलं. मॅनिफोल्डच ओला असेल तर ते सिलिंडरमधून आलंय, टर्बो बदलून काही होणार नाही.

यानंतर इंजिन थंड आणि बंद असताना टर्बोची हवेची चकती बोटाने हलवून बघतात. वर-खाली किंचित खेळ असतोच, कारण दांडा तेलावर तरंगायचा आहे. आत-बाहेर खेळ मात्र हाताला जाणवता कामा नये. चकती घराला घासत असेल, पाती तुटलेली असतील, तर टर्बो गेला हे खरं. चालू इंजिनात तिथे बोट नेऊ नये, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगितलेलं बरं.

रिंगांचा निकाल कॉम्प्रेशन टेस्टने लागतो. पेट्रोल गाडीत प्लगच्या भोकातून, डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या जागेतून मीटर लावतात. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले पाहिजेत. पेट्रोल गाडीत एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. याहून नेमकी पद्धत म्हणजे पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरणं आणि ती कुठून सुटते ते कान लावून ऐकणं. ऑईलच्या तोंडातून फुसफुसली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. व्हॉल्व्हचे रबरी सील मात्र या कोणत्याही टेस्टमध्ये सापडत नाहीत. कॉम्प्रेशन उत्तम आणि तरी सकाळी भपका, हीच त्यांची ओळख. पेट्रोल गाडीत चार प्लग ओळीने मांडले तरी पुष्कळ कळतं: ज्या सिलिंडरचा प्लग तेलकट, दोष तिथला.

दुरुस्ती

तुंबलेला ब्रीदर आणि त्यातला ऑईल वेगळं करणारा भाग साफ करणं किंवा बदलणं, हे पहिलं. व्हॉल्व्ह सील बदलण्यासाठी अनेक इंजिनांत हेड उतरवावंही लागत नाही. सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून वरूनच काम होतं, मात्र त्यासाठी हत्यार आणि हात दोन्ही लागतात. रिंगा कार्बनने चिकटल्या असतील तर योग्य ऑईल दोन-तीनदा लवकर बदलून कधी फरक पडतो. बाजारात मिळणाऱ्या फ्लशच्या बाटल्या मात्र जपून. जुना गाळ एकदम सुटला तर तो ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि धुराच्या जागी इंजिन जाम होतं. बोअर झिजलं असेल तर इंजिन खोलण्याला पर्याय नाही.

टर्बो खरंच बदलायचा ठरला तर त्याच्याबरोबरची कामं सोडू नयेत. ऑईल येण्याचा बारीक पाईप आतून कार्बनने अरुंद झालेला असतो, तो नवाच टाकावा. काही गाड्यांत त्याच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते, तीही बघावी. परतीचा पाईप कुठे दुमडलेला नको. तिथल्या गॅस्केटला सिलिकॉन लावू नये, दाबून बाहेर आलेला गोळा आतून वाट बंद करतो. इंटरकूलर असेल तर तो उतरवून त्यातलं जुनं तेल धुऊन वाळवावं, नाहीतर नवा टर्बोही आठवडाभर धूर काढतो आणि मालकाला वाटतं काम फसलं. ऑईल आणि फिल्टर नवे. बसवताना टर्बोच्या भोकात ऑईल भरून, इंजिन न पेटवता काही सेकंद फिरवून दाब येऊ द्यायचा, मग सुरू करून दोन मिनिटं रेस न देता चालू ठेवायचं. कोरड्या सुरुवातीत नवा टर्बो पहिल्या मिनिटातच खराब होऊ शकतो. जुना टर्बो दुरुस्त करून घेत असाल तर दांडा-चकत्यांचा तोल मशीनवर बसवलेला आहे का ते विचारावं. हे मशीन तालुक्याच्या साध्या गॅरेजमध्ये नसतं.

ऑईलचं काय? घरात ट्रॅक्टरसाठी आणलेला मोठा डबा असतो, त्यातलंच गाडीत घालायचा मोह होतो. जाड ऑईलने धूर थोडे दिवस दबतोही. पण टर्बोच्या बारीक वाटांत ते थंडीत उशिरा पोचतं, आणि कंपनीने पुस्तकात दिलेला ग्रेड, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, त्यासाठीच ठरवलेला असतो.

समृद्धीवरून आल्यावर

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू झाला. जालना आणि बदनापूर तालुक्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. उन्हाळ्यात, भरल्या गाडीने, तासन् तास त्या वेगात चालल्यावर टर्बोचं धुराकडचं घर प्रचंड तापतं. पंपावर वळून लगेच चावी फिरवली की ऑईलचा प्रवाह थांबतो आणि टर्बोत अडकलेलं ऑईल तिथेच जळून कार्बन होतं. पुढे हाच कार्बन परतीचा पाईप तुंबवतो. थांबण्याआधीचे दोन-चार किलोमीटर सावकाश चालवावेत, किंवा थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवावं. इंटरचेंजवरून उतरून गावापर्यंत हळू आलेल्या गाडीला वेगळं थांबायची गरज नाही, टर्बो वाटेतच निवतो.

चावी काढली तरी इंजिन थांबत नाही तेव्हा

डिझेल गाडीत तेल फार यायला लागलं तर एक धोकादायक प्रकार घडतो. इंजिन स्वतःचंच ऑईल डिझेलसारखं जाळू लागतं, रेस न देता वेग चढत जातो, मागे धुराचा डोंगर उठतो आणि चावी बंद केली तरी फरक पडत नाही. काही क्षणांत इंजिन फुटू शकतं. साध्या गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच एकदम सोडावा. इंजिन दाबून बंद पडतं. ते जमलं नाही किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल तर सगळ्यांना उतरवून लांब जावं. माहितगार मिस्तरी हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा तोडतात. हात किंवा फडकं मात्र कधीही लावू नये, ते आत ओढलं जातं. म्हणून मोठा निळा लोट रोज निघत असेल तर ती गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा दवाखान्याच्या फेरीला काढू नये.

बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, त्यामुळे तेल जळत असूनही धूर डोळ्यांना फारसा दिसत नाही. डीपीएफमधली काजळी गाडी स्वतः जाळून टाकते, पण जळलेल्या ऑईलची राख तशी जळत नाही, साचत जाते. अशा गाडीत पट्टीवर लक्ष ठेवणं एवढीच खूण, आणि ऑईल कमी राखेचं, पुस्तकात दिलेलंच हवं. उलट, पट्टीवर ऑईल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नये. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्या की काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑईलमध्ये उतरतं. ते ऑईल बदलावं लागतं.

सेकंडहँड गाडी घ्यायला पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्यांनी बोनेटवर हात ठेवून बघावा. इंजिन आधीच गरम असेल तर ते थंड झाल्यावर परत येतो म्हणावं. थंड इंजिन सुरू करताना एकाने मागे उभं राहावं, दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून मग रेस द्यायला लावावी. गाडी नावावर झाली की पीयूसीही आपल्याच अंगावर येतं. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांचं ते वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने. डिझेल गाडीच्या पीयूसीत रेस देऊन धुराचा दाटपणा मोजतात, आणि मोजणाऱ्या यंत्राला धूर तेलाचा की डिझेलचा यात फरक नसतो.